अर्जाआधीची रेघ

मीरा रोड-भाईंदरमधून माझ्याकडे एमबीए प्रवेशपरीक्षेच्या मार्गदर्शनासाठी येणारी बरीच मुलं बी.कॉम. किंवा इंजिनिअर असतात आणि मालाड-अंधेरीच्या ऑफिसात नोकरी करत असतात. पहिला प्रश्न ठरलेला: "सर, मला ९९ पर्सेंटाइल पडतील का?" मी त्यांना आधी कॉलेजांची यादी करायला सांगतो आणि यादीखाली एक रेघ मारायला लावतो. रेघेखालच्या कॉलेजात जागा मिळाली तरी घ्यायची नाही. हे परीक्षेआधीच ठरायला हवं. निकालानंतर ते जमत नाही. वर्षभर जागरणं झालेली असतात, नातेवाइकांना सांगून झालेलं असतं, आणि मनासारखे गुण न पडलेल्या मुलाला भरमसाट फी घेणारं कुठलंही कॉलेज तेव्हा बरं वाटू लागतं.

अर्जाचे पैसे फार नसतात. खरी किंमत पुढे असते. मोठ्या आयआयएमची दोन वर्षांची फी २५ लाखांच्या आसपास आहे. तेवढं कर्ज १० टक्के व्याजाने १० वर्षांसाठी घेतलं, तर महिन्याचा हप्ता ३३ हजारांवर जातो. शिकत असताना चढलेलं व्याज यात धरलेलं नाही. आज ३५ हजार पगार असेल, तर सोडलेल्या नोकरीचे ८ लाख ४० हजार वेगळे. घराचा हप्ता चालू असलेल्या कुटुंबात हा हिशेब आई-वडिलांसमोर मांडायलाच हवा. चांगल्या आयआयएमची पदवी हे कर्ज फेडून देते असं माझं मत आहे. रेघेखालच्या कॉलेजाबद्दल मी तसं म्हणणार नाही.

दुसरी गोष्ट दहावी-बारावीच्या गुणांची. आयआयएम अहमदाबाद मुलाखतीसाठी निवडताना कॅट या आयआयएमच्या प्रवेशपरीक्षेबरोबर दहावी, बारावी आणि पदवीचे गुणही धरतं. ते आता बदलत नाहीत. म्हणून प्रत्येक संस्थेचे निकष वाचून मगच तिचं नाव यादीत घ्यावं. ज्या दारातून आत जाताच येणार नाही, त्याच्यासाठी वर्ष घालवू नये.

आपल्या पश्चिम रेल्वेवरच्या मुलांना एक दार मात्र जवळचं आहे, आणि त्याकडे पुरेसं लक्ष जात नाही याचं मला वाईट वाटतं. चर्चगेटला मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था आहे. १९६५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने ती सुरू झाली. जवळच सिडनहॅमची व्यवस्थापन संस्था. दोन्हीकडे राज्याच्या सीईटीवर केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश होतो, मुलाखत नसते. भाईंदरहून लोकलने जाता येतं, वसतिगृहाचा खर्च वाचतो. शिवाय कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून केंद्रीभूत प्रवेशावर शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. अभिमत विद्यापीठांना ही सवलत लागू नाही.

मात्र सीईटी सोपी म्हणून तिच्याकडे वळू नये. २०० प्रश्न आणि १५० मिनिटं, चुकीला गुण वजा नाहीत. तिथे वेग लागतो. कॅटमध्ये प्रत्येक भागाला ४० मिनिटं आणि चुकीच्या पर्यायाला एक गुण वजा. तिथे प्रश्न सोडून देण्याचा निर्धार लागतो. नोकरी करून दोन्हींची सारखी तयारी थोड्यांनाच झेपते. दोन्ही द्याव्यात, पण जीव कुठे ओतायचा ते आधी ठरवावं.

आणि नोकरीत तुम्ही शिकत असाल, वरची जबाबदारी मिळत असेल, तर एक वर्ष थांबायला काहीच हरकत नाही. फक्त साहेबाचा कंटाळा आला म्हणून अर्ज करत असाल, तर आधी नोकरी बदला.

सुटीच्या दिवशी घरच्यांना बरोबर घेऊन बसा, यादी करा, हप्ता काढा आणि रेघ मारा.