कर्ता कोण?

दिवाळीच्या सुमारास आमच्या परभणी जिल्ह्यात फिरलात, तर फटाक्यांच्या आधी कानी पडते ती मळणीयंत्राची घरघर. सोयाबीनचे ढीग, ट्रॅक्टरला जोडलेला 'हडंबा' आणि त्याच्या तोंडी घास देणाऱ्या बाया. हडंबा! नावातच त्याची भूक ऐकू येते.

याच दिवसांत वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर दोन ओळी असतात : 'मळणीयंत्रात हात गेल्याने मजूर जखमी.' मी पडलो व्याकरणाचा मास्तर. वर्गात विचारतो, 'गेला कोण?' मुले म्हणतात, 'हात.' उत्तर बिनचूक आहे आणि म्हणूनच भयंकर. यंत्र बिचारे जागच्या जागी. हातच आपण होऊन गेला!

गेल्या वर्षी एक विद्यार्थी भरपाईचा अर्ज तपासून घ्यायला आला. आईची चार बोटे गेली होती. पहिलेच वाक्य : 'माझ्या आईच्या निष्काळजीपणामुळे...' मी विचारले, 'अरे, यंत्राचे तोंड केवढे होते?' त्याने कोपरापासून मनगटापर्यंतचे अंतर दाखवले. 'वर झाकण नव्हतंच, सर. नवं घेतलं तेव्हापासून.'

भारतीय मानकाप्रमाणे घास सारायची पन्हळ किमान 90 सेंटिमीटर लांब हवी आणि त्यातली 45 सेंटिमीटर झाकलेली हवी. हेतू साधा : हात दात्यांपर्यंत पोहोचूच नये. तुमच्या घरच्या कुकरला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, तो कशासाठी? माणसाचे लक्ष कधीतरी चुकणार, हे बनवणाऱ्याने आधीच धरलेले असते. मग रात्री दहापर्यंत घास देणाऱ्या बाईचे लक्ष चुकणार नाही, असे कोणी धरले?

कायद्याने हा कर्ता हळूहळू शोधला. 1923 च्या कामगार भरपाई कायद्याने एका हाताची चार बोटे गेली तर कमाईची शक्ती 50 टक्के गेली असे मानले. पण भरपाई मागायची ती मालकाकडे. 1983 चा धोकादायक यंत्रांचा कायदा तर मुख्यतः मळणीयंत्रासाठीच झाला. यंत्र बनवणे, विकणे आणि वापरणे, तिन्ही त्याच्या कक्षेत आली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आराखड्यातल्या दोषाबद्दल उत्पादकाला जबाबदार धरले. त्यात एक पळवाटही आहे : मालकाने कामासाठी यंत्र घेतले आणि कारखानदाराने सूचना मालकाच्या हाती दिल्या, की 'इशारा दिला नाही' ही तक्रार कारखानदाराविरुद्ध चालत नाही. मालकाच्या खिशातली सूचना मजूर बाईने कशी वाचावी?

आम्ही ते वाक्य खोडले आणि लिहिले : 'झाकण नसलेल्या यंत्राने माझ्या आईची चार बोटे तोडली.' अर्जाचा निकाल अजून लागायचा आहे. मुलाने मात्र तो घरी वाचून दाखवला. माउली बराच वेळ गप्प होती, म्हणे. मग तिने विचारले, 'म्हंजी, माझी चूक नव्हती व्हय रं?'