मूळ बांध्याची जिप्सी

चंद्रपूर-गडचिरोलीत जुनी जिप्सी शोधणाऱ्याला साधारण दोन तऱ्हेच्या गाड्या दाखवल्या जातात. एक चकचकीत: रुंद टायर, उंच केलेले पाटे, पुढे लोखंडी गार्ड, वर दिव्यांची रांग. दुसरी रंग उडालेली, सीट फाटलेली, पाटे बसलेली, पण कंपनीतून निघाली तशीच. भाव पहिलीला जास्त मिळतो आणि गिऱ्हाईकही तिच्याचभोवती जमतं. माझं म्हणणं असं, की या दोन जिल्ह्यांतल्या रस्त्यांवर गाडीकडून खरोखर काम काढायचं असेल तर दुसरी घ्यावी, भावातला फरक तिच्या डागडुजीवर घालावा आणि सुधारणेचा विचार अगदी शेवटी करावा. हे काटकसरीचं धोरण नाही. थकलेली मूळ गाडी परत उभी करायला कधी कधी सजवलेल्या गाडीपेक्षा जास्त पैसे लागतात. तरीही ती घ्यावी, कारण ती काय आहे हे आपल्याला कळू शकतं.

जिप्सी १९८५च्या अखेरीस आली तेव्हा तिचं इंजिन ९७० सीसीचं होतं. १९९६मध्ये १२९८ सीसीची ‘किंग’ आली. २०००मध्ये कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय आलं आणि ताकद साठावरून ऐंशी अश्वशक्तीच्या घरात गेली. एवढी ताकद आज साध्या हॅचबॅकलाही असते. तरीही नव्वदच्या दशकात देशातल्या रॅलींमध्ये जिप्सी आघाडीवर असे आणि ‘रेड द हिमालय’सारख्या खडतर शर्यतीत तिने पुढेही बरीच वर्षं दबदबा राखला. तिचं सामर्थ्य इंजिनात नाही. जेमतेम एक टनाचं वजन, शिडीसारखा मजबूत चेसिस, अखंड धुरा आणि लो रेंजचा गिअर, एवढ्यावर ती चालते. हलकेपणा आणि मजबुती एकत्र मिळणं दुर्मीळ असतं. म्हणूनच या गाडीवर चढवलेलं प्रत्येक किलो लोखंड आपण ज्यासाठी पैसे मोजले तेच थोडं थोडं काढून घेतं.

टायरचंच उदाहरण घ्या, कारण सुधारणेची सुरुवात हमखास तिथून होते. २०५/७० आर १५ या मापाचा टायर सुमारे ६६८ मिलिमीटर व्यासाचा असतो. त्याच्या जागी २३५/७५ आर १५ लावला की व्यास ७३३ मिलिमीटरपर्यंत जातो, म्हणजे जवळजवळ दहा टक्के वाढतो. गाडी उठून दिसते, पण प्रत्येक गिअरमधली ओढ त्याच प्रमाणात घटते. चढावर जिथे दुसरा पुरायचा तिथे पहिला लागतो आणि क्लच प्लेट लवकर जळते. काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी सहासष्टने धावत असते. जड चाक थांबवायला ब्रेक मात्र जुनेच. वाढलेला सगळा भार व्हील बेअरिंग आणि किंगपिन बेअरिंगवर येतो. ती सैल झाली की ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरू लागतं. मग मिस्त्री स्टिअरिंग डॅम्पर बदलतो, थरथर दबते, दुखणं तसंच राहतं. पाट्यांखाली ठोकळे किंवा लांब शॅकल घालून गाडी उंच केली की प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि त्याचे क्रॉस कुरकुरू लागतात. गाडी मुळात अरुंद आणि आखूड, व्हीलबेस २३७५ मिलिमीटर. उंची वाढवून तिला वळणावर आणखी डळमळीत करण्यात शहाणपण नाही.

या भागात गाडीची खरी परीक्षा उन्हाळा घेतो. मे २०१९मध्ये चंद्रपूरचा पारा ४८ अंशांवर गेला होता आणि नवतपा दरवर्षी येतोच. घुग्घुस किंवा पद्मापूरच्या बाजूला हवेत कोळशाची धूळ, सुरजागडच्या खनिजाचे ट्रक जातात त्या एटापल्लीच्या रस्त्यावर लाल धूळ. दोन्ही रेडिएटरच्या जाळीत बसतात, वरून तेलाचा हात लागला की घट्ट चिकटतात. अशा वेळी लोक मोठा रेडिएटर, जास्तीचा पंखा असे उपाय शोधतात. त्याआधी रेडिएटरचं झाकण बघावं. कूलिंगची यंत्रणा दाबाखाली चालते; झाकणाने ०.९ बारच्या आसपास दाब धरला तर साधं पाणीसुद्धा ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. स्प्रिंग मेली की तेच पाणी शंभरला उकळतं. सर्वात स्वस्त भागामुळे अठरा अंशांची सवलत हातची जाते आणि दोष मात्र इंजिनाला लागतो. त्यापाठोपाठ होज पाइप, पट्ट्यावर फिरणारा पंखा, त्याचं कव्हर आणि वॉटर पंप पाहावा.

आपल्याकडे उन्हाळा लागताच थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत आहे. काढणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण एमपीएफआय गाडीत त्याने नुकसान होतं. इंजिन तापमानाला यायला वेळ लागतो, सेन्सरला ते थंडच वाटतं, पेट्रोल जास्त जातं आणि सिलिंडरची झीज वाढते. थर्मोस्टॅट असताना गाडी तापत असेल तर दोष दुसरीकडे आहे. तो शोधायचा कंटाळा म्हणून थर्मोस्टॅटचा बळी जातो. मूळ रचना समजून घेतल्याशिवाय तिच्यात हात घालू नये, असं मी म्हणतो ते अशाच गोष्टींमुळे.

गडचिरोलीत पावसाळा तितकाच कठोर. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात त्या भामरागडचा रस्ता पुराने तुटतो आणि पूर ओसरल्यावरही रपट्यावरून पाणी वाहत राहतं. तासभर चाललेल्या गाडीची धुरा गरम असते. ती थंड पाण्यात उतरली की आतली हवा आकुंचन पावते आणि ऑइल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. चार दिवसांनी डिफरन्शियलचा बोल्ट काढला की तेल दुधासारखं पांढरं निघतं, आणि तोवर क्राउन-पिनियनची हानी सुरू झालेली असते. इथे मात्र एक सुधारणा मी मनापासून सुचवेन: दोन्ही धुरा आणि गिअरबॉक्सचे ब्रीदर रबरी नळीने बोनेटच्या उंचीपर्यंत वर घ्यावेत. खर्च किरकोळ, वजन शून्य, गाडीचा तोल जसाच्या तसा. चांगली सुधारणा अशी असते, बाहेरून दिसतही नाही. ब्रेक ऑइलचंही तसंच. ते दमट हवेतलं पाणी शोषतं; कोरड्या डॉट-३ला किमान २०५ अंश उत्कलनबिंदू लागतो, पाणी मुरल्यावर तो १४०पर्यंत उतरू शकतो. दर पावसाळ्यानंतर ते बदलावं.

खरेदीच्या वेळी किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नये, हे सगळेच सांगतात. मी त्यात एक भर घालतो: किलोमीटरचे तास करून बघा. ताडोब्यात सफारीला चाललेली जिप्सी सहा पर्यटक, गाइड आणि चालक घेऊन पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळते. ताशी वीसच्या सरासरीने पन्नास हजार किलोमीटर म्हणजे अडीच हजार तास. हमरस्त्यावर साठच्या सरासरीने तेवढ्याच तासांत दीड लाख झाले असते. अशा गाडीचा क्लच, पंखा आणि पाट्यांचे बुश त्या दीड लाखाच्या हिशेबाने तपासावेत. चेसिसच्या मागच्या टोकाला आणि बॉडी माउंटपाशी गंज व वेल्डिंग बघावं. टायमिंग बेल्टचं वय विक्रेता काहीही सांगो, तो आल्या आल्या बदलावा. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल आहे, तेव्हा जुन्या रबरी इंधननळ्याही सोबतच बदलाव्यात.

यावर पहिला आक्षेप असा, की आधीच्या मालकाने लाखभर घातलेत ते आपल्याला निम्म्यात मिळतात, मग का सोडायचे? कारण तो खर्च कशावर झाला हे दिसतं, तो कसा झाला हे दिसत नाही. रिले न लावता हेडलाइटच्या वायरवर जोडलेले चार दिवे, कापलेलं हार्नेस, गार्डसाठी चेसिसला पाडलेली भोकं, हे सगळं त्या निम्म्या किमतीत सोबत येतं. शिवाय कायदाही आड येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२बाबत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलं, की कंपनीच्या मूळ रचनेहून वेगळे बदल गाडीत करता येणार नाहीत. गार्डवर केंद्राने डिसेंबर २०१७मध्येच बंदी घातली होती. एमएच ३३ असो की एमएच ३४, बाजारातल्या बहुतेक जिप्स्या पंधरा वर्षांच्या पुढे गेल्यात. त्यांना फेरनोंदणीसाठी तपासणीला उभं राहावंच लागतं आणि एप्रिल २०२२मध्ये तिची फीही सहाशेवरून पाच हजार झाली होती. तिथे डिझेल इंजिन बसवलेली जिप्सी पास होण्याची आशा ठेवू नये.

दुसरा आक्षेप सुट्या भागांचा. खुल्या बाजारासाठीचं उत्पादन २०१९च्या सुमाराला थांबलं हे खरं. पण लष्कराकडे या गाड्या हजारोंनी आहेत, जंगलांत सफारीला त्याच चालतात आणि इंजिन एस्टीमच्याच घराण्यातलं आहे. त्यामुळे बेअरिंग, सील, बुश, क्लच यांची अडचण सहसा पडत नाही. अडचण पडते ती बदल केलेल्या गाडीला, कारण तिच्यात कोणत्या गाडीचा कोणता भाग बसवलाय हे चौथ्या मालकाला माहीत नसतं. सिरोंचा किंवा एटापल्लीचा मिस्त्री मूळ जिप्सी नुसत्या आवाजावरून ओळखतो; अनोळखी जोडकामापुढे तोही हतबल होतो.

तिसरा आक्षेप मला सर्वात वजनदार वाटतो. जून २०२३पासून जिम्नी मिळते, तिला कॉइल स्प्रिंग, दीड लिटरचं इंजिन, एबीएस आणि एअरबॅग आहेत; मग जुन्या जिप्सीचा हट्ट कशाला? ज्याचा प्रवास मुख्यतः चंद्रपूर-नागपूर हमरस्त्यावर आहे आणि मागे लहान मुलं बसतात, त्याने हट्ट करू नयेच. जिप्सीत एअरबॅग नाही आणि डागडुजीने ती येणारही नाही. ही गाडी आतल्या रस्त्यांवरच्या कामासाठी आहे. तिथे साठचा वेग भरपूर होतो आणि रात्री तोही जास्त ठरतो. चंद्रपूर-मूल रस्ता जंगलातून जातो आणि तिथे गाड्यांखाली वन्यप्राणी मरतात. त्या रस्त्यासाठी दिव्यांची रांग विकत घेण्याआधी पुढची डिस्क आणि पॅड, मागचे ब्रेकशू आणि सिलिंडर नवे करावेत, काचा स्वच्छ ठेवाव्यात, मूळ हेडलाइटला रिले लावून त्यांचा झोत खाली नीट बसवून घ्यावा आणि चितळाचे डोळे चमकताच जागीच थांबता येईल एवढ्याच वेगाने जावं.