दोन्हीकडून लावायचा हिशेब

आयपीएल आली की आपल्या चाकुरात चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास ऐकू येतं. "दोन्हीकडून लावलं की पैसा पक्का, टेन्शनच नाही." पोरं इतक्या खात्रीनं सांगतात की मी वही घेऊन हिशेब मांडूनच बघितला.

हिशेब खोटा नाही. समजा, सुरुवातीलाच एका टीमवर 'कप जिंकणार' म्हणून १,००० रुपये लावले. भाव एकाला दहा. टीम फायनलला गेली आणि तिथं भाव बरोबरीचा निघाला. मग समोरच्या टीमवर ५,५०० लावायचे. आपली जिंकली तर १०,००० आले, ५,५०० गेले. समोरची जिंकली तर ५,५०० आले, १,००० गेले. कुणीही जिंको, ४,५०० पक्के.

पण टीमा दहा आणि फायनलला दोनच. बाकी आठ टीमांवर ज्यांनी हजार हजार लावले त्यांची गोष्ट टपरीवर कुणी सांगत नाही. फायनलच्या दिवशी ५,५०० रोख कुठून आणायचे? उसनेच ना? आणि पैसे देणाऱ्यानं हात वर केले तर? १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३० सांगतं की पैजेचा करार रद्दबातल, कोर्टात वसुली नाही. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर तर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदाच करून बंदी घातली. खरं दोन्हीकडून खेळतो तो बुकी. भाव तोच ठरवतो, त्यामुळं कुणीही जिंकलं तरी त्याचं सुटतं.

हे सगळं लिहायचं कारण वेगळंच आहे. हाच हिशेब ज्याला खरंच लागतो, त्याला तो करता येत नाही. तो म्हणजे आपला शेतकरी.

पोरगं जोखीम विकत घेतं. शेतकऱ्याला जोखीम चुकतच नाही. जूनमध्ये चाड्यावर मूठ धरली की त्याची पैज लागली. पुढं पाऊस, येलो मोझॅक आणि दिवाळीच्या तोंडावरचा भाव. २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता, आणि आडतीवर चार-सव्वाचार हजारांनी माल गेला. पेरतानाच पुढच्या महिन्यांचा भाव बांधून ठेवायची कायदेशीर सोय होती, वायदे बाजार. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीनं सोयाबीन, हरभऱ्यासह सात शेतमालांचे वायदे एका वर्षासाठी थांबवले. मग मुदतवाढीवर मुदतवाढ.

सरकारला महागाईची काळजी होती, हे मान्य. वायद्यात सट्टेवाले घुसतात, हेही मान्य. दोन एकरवाला एकटा वायदा करणार नाही, हेही खरं. पण गावोगावच्या शेतकरी उत्पादक कंपन्या सगळ्यांचा माल एकत्र करून करू शकतात. निदान पुढं काय भाव निघणार याचा अंदाज तरी उघड्यावर दिसतो. आता तो फक्त मोठ्या व्यापाऱ्याला असतो.

पोराच्या मोबाईलवर सट्टा चोरून का होईना चालू आहे, आणि बापाचा रीतसर वायदा बंद. मतं मागायला येणाऱ्यांना यंदा हमीभावाबरोबर हेही विचारा. आणि पोरांनो, ती वही माझ्याकडं आहे. कधीही या, सगळा हिशेब दाखवतो.