एक डिस्क, दोन वाटा

बँक किंवा मोठं इस्पितळ आपली सगळी माहिती एकेका सर्व्हरच्या पोटात ठेवत नाही. ती वेगळ्या साठ्यात असते आणि सर्व्हर तिथवर एका खास जाळ्यातून पोहोचतात. याला ‘स्टोरेज एरिया नेटवर्क’, थोडक्यात सॅन म्हणतात. माझा भाचा हेच काम करतो. मला कळलं ते त्याच्याकडूनच.

सॅन उभारताना सर्व्हरपासून साठ्यापर्यंत दोन स्वतंत्र वाटा ठेवतात. एक स्विच बंद पडला तरी काम अडत नाही. मग झोनिंग: कुठला पोर्ट कुणाशी बोलेल ते ठरवायचं. फायबर चॅनलवर प्रत्येक पोर्टला 64 बिटांचा ओळख क्रमांक असतो. त्यानंतर मास्किंग: कुठल्या सर्व्हरला कुठली डिस्क दिसेल.

खरी गंमत पुढे आहे. वाटा दोन असल्या की सर्व्हरला तीच डिस्क दोनदा दिसते आणि तो त्या दोन वेगळ्या डिस्क समजतो. मग मल्टिपाथ नावाचं सॉफ्टवेअर डिस्कची ओळख तपासून त्याला सांगतं, बाबा रे, ही एकच आहे.

मी उर्दू शिकवतो, मराठीही शिकवतो. ‘सर, तुमची खरी भाषा कुठली?’ हे मला दोन्हीकडचे लोक विचारतात. त्यांना माझ्यात दोन माणसं दिसतात. मित्रहो, वाटा दोन आहेत, माणूस एकच. आणि दुसरी वाट जास्तीची नसते. पहिली अडली की तीच आधाराला येते.