गाडी आली, घर लांबच

मे महिन्याची सुट्टी लागली की आम्ही गावाला निघतो. गाव दाभोळजवळ. गाडी खेडला सोडते. मुलं बॅगा उचलून "आलं गाव!" म्हणून ओरडतात, पण खेडहून दापोली तीसएक किलोमीटर, आणि दापोलीहून दाभोळ पुन्हा जवळजवळ तेवढंच. दापोली, मंडणगड, गुहागर या तिन्ही तालुक्यांत रेल्वेचं स्टेशनच नाही.

आमच्या दादी सांगायच्या, त्यांच्या काळी भाऊच्या धक्क्यावर बोटीत बसलं की दाभोळला उतरायचं आणि चालत घरी. पावसाळ्यात बोट बंद, समुद्र खवळला तर जीव मुठीत. तरी प्रवास घराजवळ संपायचा. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली. तिने मुंबई जवळ आणली, यात शंका नाही. पण डोंगरातून बोगदे काढत गेलेली ही लाइन खाडीकाठच्या आमच्या वस्त्यांपासून लांबूनच जाते. रत्नागिरीसारख्या शहराचं स्टेशनसुद्धा गावाबाहेर कुवारबावला आहे.

तीन वर्षांपूर्वी खालांच्या इंतकालाची खबर आली. त्यांचं गाव दुसऱ्या तालुक्यात. स्टेशनचं नाव लिहीत नाही. मिळेल त्या गाडीने निघालो. दफन फजरनंतर ठरलं होतं. गाडी तीन तास उशिरा, इशाची वेळ कधीच टळून गेलेली. शेवटची एसटी गेली होती. एकच रिक्षा उभी होती आणि भाडं आमच्या सगळ्यांच्या तिकिटांपेक्षा जास्त. तेही कबूल केलं, तर घाटात रात्री येणार नाही म्हणाला. त्याला दोष कसा द्यावा? परत रिकामंच यायचं होतं.

अम्मी रात्रभर बाकावर तसबीह घेऊन बसून राहिल्या. पहिल्या एसटीने पोहोचलो तेव्हा लोक कब्रस्तानातून परतत होते. बहिणीचं तोंड काही त्यांना पाहायला मिळालं नाही.

मागणी मोठी नाही. एसटीची एक फेरी गाडीच्या वेळेला जोडावी, आणि गाडी उशिरा असेल तर ती फेरी थांबावी. तोवर आम्ही वाडीतल्या एका रिक्षावाल्याचा नंबर जवळ ठेवला आहे. त्या दिवशी येणारी तीन-चार घरं मिळून भाडं वाटून घेतो. रात्रीची गाडी असेल तर तो आधीच येऊन झोपतो.

यंदाचं आरक्षण झाल्याचं सांगितलं, तर अम्मींनी सीट खालची की वरची हे विचारलंच नाही.

"रिक्षावाल्याला फोन केलास का?"