चेहरा गायकाचा, लाथ कोणाची?

संपादकांचा आग्रह होता, ‘गेममधली मारामारी कशी बनते ते सोप्या भाषेत लिहा.’ मी अ‍ॅनिमेटर आहे. कामोठ्यात राहतो, रोज मानसरोवरहून लोकल पकडतो. गेममधलं सगळं कॉम्प्युटर आपोआप करतो, असा समज आमच्या सोसायटीतही पक्का आहे. मला तो खुपतो, कारण त्यात घाम गाळणारी माणसं हिशेबातच धरली जात नाहीत.

अलीकडेच एका गायकाचा चेहरा वापरलेल्या मारामारीच्या गेमचं काम हाताखालून गेलं. चेहरा त्याचा, लाथा मात्र कामोठ्यातल्याच एका कराटे शिकवणाऱ्या बाईंच्या. मार्कर चिकटवलेला अंगाबरोबरचा सूट घालून त्या पुन्हा पुन्हा ‘मावाशी गेरी’, म्हणजे गोल फिरवलेली लाथ, मारत होत्या. भोवतीचे कॅमेरे मार्कर टिपतात, त्यावरून हाडांचा सापळा तयार होतो आणि त्याची हालचाल गायकाच्या सापळ्यावर चढवली जाते. माझं काम इथून सुरू होतं. बाई गायकापेक्षा बऱ्याच बुटक्या. त्यामुळे टेकलेला पाय जमिनीवर घसरू लागतो, लाथ बरगडीवर बसायची ती हवेत जाते. मग एकेक फ्रेम धरून टाच जागेवर खिळवायची, कंबरेचा कोन बदलायचा.

त्यात वेळेचं गणित. सेकंदाला ६० फ्रेम. गुडघा उचलून कंबर फिरवायला अर्धा सेकंद लागला, तर ३० फ्रेम गेल्या. बटण दाबणारा तेवढा थांबत नाही. म्हणून लाथेआधीची तयारी छाटायची, पण लाथ बसल्यावर तोल सावरणं तसंच ठेवायचं. लाथेचं वजन त्या सावरण्यात दिसतं, आणि ते वर्षानुवर्षांच्या सरावातूनच येतं. गेमच्या श्रेयनामावलीत बाईंचं नाव नाही. ते मला अजून सलतं.

हे जुनंच दुखणं आहे. कुंग-फू सिनेमांच्या वेडातून नाव घेतलेल्या न्यूयॉर्कच्या ‘वू-टँग क्लॅन’ या रॅप गटावर १९९९ साली प्लेस्टेशनसाठी ‘वू-टँग: शाओलिन स्टाइल’ हा गेम निघाला. गटाचे नऊही गायक त्यात लढवय्ये होते आणि चार जण एकाच वेळी खेळू शकत. पण त्याचं इंजिन ‘थ्रिल किल’ या भलत्याच गेमचं होतं. तो अतिहिंसक म्हणून १९९८मध्ये बाजारात येण्याआधीच रद्द झाला होता. लढाईचा सांगाडा आधी तयार होता, गायकांचे चेहरे नंतर आले.

‘मॉर्टल कॉम्बॅट’चं उदाहरण तर जिव्हारी लागणारं. डॅनियल पेसिना या मार्शल आर्ट खेळाडूचं चित्रण करून १९९२च्या त्या गेममधली जॉनी केज आणि इतर पात्रं घडवली गेली. पुढे तो अमेरिकेत न्यायालयात गेला आणि १९९६मध्ये हरला. गेममधल्या बदललेल्या चित्रांत तो ओळखू येत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. उलट ‘बँड हीरो’ या गेममधल्या आपल्या प्रतिमांच्या वापराविरुद्ध ‘नो डाउट’ हा बँड गेला, तेव्हा २०११मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयानं त्याची बाजू उचलून धरली. चेहरा प्रसिद्ध असला की दाद मिळते.

आपल्याकडेही २०२४च्या २६ जुलैला मुंबई उच्च न्यायालयात न्या. छागला यांनी अरिजित सिंगचा आवाज, नाव, प्रतिमा आणि लकबी यांना एआयच्या गैरवापरापासून अंतरिम संरक्षण दिलं. २०२५मध्ये आशा भोसले यांनाही तसं संरक्षण मिळालं. दोन्ही निर्णय मला मनापासून पटतात. पण त्याच २६ जुलैला अमेरिकेत गेममधल्या कलाकारांचा संप सुरू झाला. केवळ शरीरानं काम करणाऱ्यांना कंपन्या कलाकार न मानता ‘डेटा’ मानू पाहतात, ही त्या कलाकारांच्या संघटनेची मोठी तक्रार होती. २०२५मध्ये एआयविषयीच्या अटींसह करार झाला, तेव्हा कुठे तो वाद मिटला.

आपला कायदा इतका कोता नाही. कॉपीराइट कायद्यातल्या ‘परफॉर्मर’च्या व्याख्येत नट, गायक, नर्तक यांच्याबरोबर कसरतपटू, जादूगार, अगदी गारुडीसुद्धा आहे आणि पुढे ‘सादरीकरण करणारी अन्य कोणतीही व्यक्ती’ असे शब्द आहेत. २०१२च्या दुरुस्तीनं आलेलं कलम ३८-ब अशा कलाकाराला आपलं नाव सांगितलं जाण्याचा हक्क देतं. त्याला अपवाद आहेत, पण पाय मारणारी बाई गारुड्याहून कमी कलाकार कशी ठरेल? माझ्या मते ती कलाकारच आहे.

म्हणून कराटे, मल्लखांब, मर्दानी खेळ करणाऱ्या आपल्या मुलामुलींना सांगतो: स्टुडिओत सूट चढवण्याआधी करार वाचा. नाव कुठे येणार, हीच हालचाल दुसऱ्या गेममध्ये वापरली तर पैसे मिळणार का आणि ती एआयला शिकवायला देणार का, या तीन प्रश्नांची उत्तरं लेखी घ्या. त्याशिवाय सही करू नका.