देवा, तेव्हा तू कुठे होतास?

काही प्रश्न परीक्षेसाठी असतात, काही आयुष्यासाठी. पहिल्या प्रकारच्या प्रश्नांना पाच गुण, दहा गुण असे ठरलेले असतात. दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांना गुण नाहीत आणि वेळेचे बंधनही नाही. गेल्या वर्षी तत्त्वज्ञानाच्या तासाला आमच्या सरांनी फळ्यावर एक प्रश्न लिहिला. देव सर्वशक्तिमान आहे, देव प्रेमळही आहे. मग जगात दुःख का? बहुतेकांनी तो वहीत उतरवून घेतला. माझे पेन मात्र चालेना. कारण हा प्रश्न मला फळ्यावर पहिल्यांदा भेटत नव्हता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये, सांगलीत, तो पुराच्या पाण्याबरोबर आमच्या घरात शिरला होता.

मी तेव्हा नववीत होते. पावसाळा आला की सांगलीच्या माणसाला आयर्विन पुलाचे आकडे पाठ होतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. माझे आजोबा निवृत्त प्राथमिक शिक्षक. २००५ चा पूर त्यांनी पाहिला होता. ते म्हणाले, “तेव्हा पाणी उंबऱ्याला लागून परत गेलं. आत्ताही जाईल.” ह्या खेपेला ते परत गेले नाही. कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. मध्यरात्री आम्ही माळ्यावर चढलो आणि सकाळी नावेतून बाहेर पडलो. आजोबांनी बरोबर काय घेतले असेल? रोजच्या प्रार्थनेचे पवित्र शास्त्र, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. दम्याचा पंप मात्र घाईत घरातच राहिला.

मिरजेतल्या एका शाळेत आम्हांला आसरा मिळाला. चांगल्या माणसांनी जेवण दिले, पांघरुणे दिली, पंपही कुठूनसा मिळवून दिला. पण ओले अंग, दमट फरशी आणि तीन रात्रींचे जागरण आजोबांच्या छातीला सोसवले नाही. चौथ्या दिवशी पहाटे ते गेले. आमच्या दफनभूमीकडे जाणारा रस्ता पाण्याखाली होता, म्हणून मिरजेतच त्यांना माती दिली. ज्या माणसाने चाळीस वर्षे मुलांना शिकवले, त्याच्या शेवटच्या प्रवासाला आम्ही मोजून अकरा माणसे होतो.

लोक सांत्वनाला येऊ लागले. कुणी म्हणाले, देवाची इच्छा. कुणी म्हणाले, चांगल्या माणसांना देव लवकर नेतो. एक नातेवाईक जरा शास्त्र जाणणारे. ते म्हणाले, “शहरात पाप फार वाढलं होतं. नोहाच्या काळी काय झालं? देवानं इशारा दिलाय.” दोन दिवस एक शब्दही न बोललेली माझी आजी तेव्हा पहिल्यांदा बोलली. “मग भाऊजी, ज्यांची घरं उंचावर आहेत ती सगळी माणसं पुण्यवान का?”

त्यांनी विषय बदलला. पण आजीचा तो प्रश्न माझ्या मनात रुतून बसला. त्याच्या शेजारी माझा प्रश्नही होता : देवा, तेव्हा तू कुठे होतास?

मी कबूल करते, त्या दिवसांत मी देवाशी बोलणे सोडले. रविवारी उपासनेला जात होते, भजने म्हणत होते, ओठ हलत होते. आत मात्र काहीही नव्हते.

पाणी उतरल्यावर घरी आलो. घर कसले, गाळाचा डोह! भिंतींवर छातीएवढ्या उंचीवर पाण्याची रेघ उमटलेली. आमचे पाळकसाहेब चार तरुणांना घेऊन आले. बरोबर फावडी, घमेली, खराटे. शेजारच्या गल्लीतली पोरेही आली. त्यांच्यातली निम्मी आमच्या धर्माची नव्हती. दुपारी साहेब घमेले घेऊन बाहेर निघाले असता मी त्यांना दारातच अडवले. “साहेब, देवानं हे का केलं?” त्यांनी घमेले खाली ठेवले. मला वाटले, आता एखादे वचन सांगतील. ते म्हणाले, “मला माहीत नाही, बाळ. तुझ्या आजोबांनी मला संडे स्कूलमध्ये शिकवलं. मीही देवाला हेच विचारतोय.” आणि घमेले उचलून ते गाळ टाकायला गेले.

मला त्यांचा राग आला. पाळकांनाच माहीत नसेल तर कुणाला असणार? ते प्रामाणिक उत्तर होते, हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

ह्या प्रश्नाने माझ्याआधी किती जणांची झोप उडवली आहे, हे महाविद्यालयात आल्यावर समजले. १७५५ सालच्या १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, पोर्तुगालची राजधानी लिस्बन भूकंपाने हादरली. माणसे चर्चमध्ये उपासनेला जमली होती. छते त्यांच्यावर कोसळली. मग समुद्राची लाट आली. मग शहराला आग लागली. आपले जग हे शक्य असलेल्या जगांपैकी सर्वोत्तम आहे, असे लाइब्निट्झने १७१० मध्येच मांडले होते. लिस्बननंतर व्होल्तेरने ह्या विचाराची ‘कांदीद’ मध्ये यथेच्छ टर उडवली. दुसरीकडे मालाग्रिदा नावाच्या जेझुइट धर्मगुरूने पत्रक काढले : भूकंपाचे कारण निसर्ग नव्हे, लिस्बनकरांची पापे! ते वाचताना मला आमचे नातेवाईक आठवले. अडीचशेहून अधिक वर्षे लोटली, पण सांत्वनाची भाषा बदलली नाही.

निसर्गनियमांचे उत्तरही मी पारखून पाहिले. ज्या पावसाने कृष्णाकाठ हिरवा होतो, तोच पाऊस पूर आणतो. जी आग भाकरी भाजते, तीच हात भाजते. नियमांनी चालणारे जग हवे असेल, तर नियम माणूस पाहून बदलणार नाहीत. त्यात माणसाचा वाटाही आहेच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यांतल्या कितीतरी जणांचा जीव धरणीने नव्हे, तर झोपलेल्या अंगावर कोसळलेल्या दगडमातीच्या जाड भिंतींनी घेतला. पूररेषेच्या आत घरे कुणी बांधली, कुणी बांधू दिली, हे विचारण्याऐवजी ‘देवाची इच्छा’ म्हणणे सोयीचे असते. आपली चूक देवाच्या खात्यावर मांडणे ही काही भक्ती नव्हे.

हे सारे मला पटते. पण पटणे वेगळे आणि निवणे वेगळे. इंग्रजी लेखक सी. एस. लुइस ह्यांनी १९४० मध्ये दुःखाच्या प्रश्नावर एक नेटके, तर्कशुद्ध पुस्तक लिहिले. १९६० मध्ये त्यांची पत्नी कर्करोगाने गेली, आणि पुढच्या वर्षी त्यांनी टोपणनावाने दुसरे पुस्तक प्रसिद्ध केले. ह्या दुसऱ्या पुस्तकात तर्काची घडी पार विस्कटलेली आहे. देवाने दार लावून घेतले की काय, अशी शंकाही ते त्यात बोलून दाखवतात. मला हे दुसरे पुस्तक अधिक जवळचे वाटले.

मग मी पुन्हा आजोबांच्या पवित्र शास्त्राकडे वळले. मनात भीती होती की तिथे नातेवाइकांचेच म्हणणे खरे निघेल. खोटे कशाला बोलू? पापाबद्दल शिक्षा म्हणून आलेल्या संकटांच्या कथा त्यात आहेत. नोहाचा जलप्रलय आहेच. पण ती कथा ज्या वचनावर संपते ते आमचे नातेवाईक विसरले होते. देव ढगांत धनुष्य ठेवतो आणि अशा प्रलयाने पृथ्वीचा पुन्हा नाश करणार नाही, असा करार करतो.

पुढे ईयोबाचे पुस्तक आहे. ह्या नीतिमान माणसाची मुले वादळात गेली, संपत्ती गेली, शरीर फोडांनी भरले. त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसून राहिले. माझ्या मते त्यांनी केलेले तेवढेच एक शहाणपणाचे काम! आठव्या दिवसापासून ते देवाची वकिली करू लागले : तू पाप केले असशील, म्हणूनच हे भोगतोस. ईयोब मात्र भांडत राहिला, थेट देवाशी. शेवटी देव वावटळीतून बोलतो, पण कारण सांगत नाही. आश्चर्य म्हणजे तो रागावतो देवाची बाजू घेणाऱ्या मित्रांवर, आणि ईयोबच योग्य बोलला असा निर्वाळा देतो. म्हणजे देवाशी भांडणे हीसुद्धा प्रार्थना असू शकते! हे वाचले त्या रात्री मी किती वर्षांनी तरी देवाशी बोलले. भांडले म्हणा हवे तर.

आजीच्या प्रश्नाचे उत्तर मला लूकच्या शुभवर्तमानात सापडले. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली होती. ती काय यरुशलेमेतल्या इतर सर्वांपेक्षा अधिक अपराधी होती, असे येशू स्वतःच विचारतो आणि स्वतःच स्पष्ट नकार देतो. मग तो ऐकणाऱ्यांनाच आपापल्या जीवनाकडे वळून पाहायला सांगतो. मेलेल्यांची पापे मोजू नका, जिवंत आहात तर स्वतः बदला! ते नातेवाईक त्या दिवशी जे बोलले, ते येशूने दोन हजार वर्षांपूर्वीच नाकारले होते.

पण ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा ह्याहून खोल आहे. लाजराच्या कबरेपाशी येशू रडला. थोड्याच वेळात तो त्याला उठवणार होता, तरीही रडला. आणि वधस्तंभावर त्याने आपल्या पित्याला विचारले की तू मला का सोडलेस. म्हणजे माझा ‘का?’ त्याच्याही ओठांवर येऊन गेला आहे. माझी एक मैत्रीण म्हणते, “मग तुमचा देव दुबळाच म्हणायचा.” मी तिला म्हणते, माळ्यावर बसून पुराकडे पाहणाऱ्या देवापेक्षा गाळात उतरलेला देव मला जवळचा वाटतो. आणि तो तिथेच बुडून राहिला नाही, पुनरुत्थित झाला, ह्यावर आमच्या आशेची सारी भिस्त आहे. मृत्यूला शेवटचा शब्द मिळत नाही, असे आम्ही मानतो. सिद्ध करता येत नाही, मानतो.

दुःखाचे कारण न सापडताही माणूस काय करू शकतो, हे पंडिता रमाबाईंकडे पाहून कळते. १८७० नंतरच्या दुष्काळात थोड्याच अवधीत त्यांचे वडील, आई आणि थोरली बहीण उपासमारीने गेली. व्रते, दाने, तीर्थयात्रा, सारे करून झाले होते. त्या भावाबरोबर पायी हिंडत राहिल्या. पुढे १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण आपली माणसे का मेली, ह्याचे तयार उत्तर त्यांना त्यामुळे मिळाले, असे मला वाटत नाही. १८९६-९७ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला, तेव्हा ही बाई मध्य प्रांतात गेली आणि भुकेने मरणाऱ्या शेकडो मुलींना घेऊन आली. केडगावचे ‘मुक्ती’ उभे राहिले. उपासमारीत बहीण गमावलेली मुलगी दुसऱ्यांच्या बहिणी वाचवायला निघाली. दुष्काळ का पडतो ह्याचे हे उत्तर नव्हे, पण दुष्काळाला दिलेले उत्तर नक्कीच आहे.

आता मला पाळकसाहेबांचे ते घमेले आठवते. ‘माहीत नाही’ म्हणून ते थांबले असते, तर माझा राग रास्त ठरला असता. ते थांबले नाहीत. तिन्हीसांजेपर्यंत त्यांनी आमच्या घरातला गाळ उपसला. देवा, तू कुठे होतास, असे मी विचारत होते. त्या दुपारी कदाचित तो दारातूनच आतबाहेर करत होता.

‘कदाचित’ हा शब्द मी मुद्दाम ठेवला आहे. कारण आजोबा परत आले नाहीत. गाळ उपसणारे हात सगळ्यांच्याच दारी पोहोचले असेही नाही. त्याच पुरात ब्रह्मनाळला माणसांना वाचवायला निघालेली नाव उलटली आणि कितीतरी जण बुडाले. त्या घरांतल्या कुणापुढे हा लेख वाचून दाखवण्याचे धाडस मला होणार नाही. त्यांच्यापुढे मी ईयोबाच्या मित्रांसारखी पहिले सात दिवस बसेन. आठव्या दिवशीही गप्पच राहीन.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी चढू लागले, तेव्हा आम्ही वेळेत बाहेर पडलो. आजीने आधी पंप पिशवीत घातला. आता तो शेजारच्या काकूंच्या दम्यासाठी असतो. मग तिने आजोबांचे पवित्र शास्त्र घेतले. पिशवीत असूनही पहिल्या पुरात ते भिजले होते. त्याची पाने फुगली आहेत, ते नीट मिटत नाही. मी नवीन आणून देते म्हटले, तर आजी म्हणाली, “असू दे. त्यानंही पूर पाहिलाय.”

सरांनी फळ्यावर लिहिलेला प्रश्न माझ्या वहीत अजूनही उतरलेला नाही. पण त्या पानावर मी तारीख टाकून ठेवली आहे आणि खाली जागा कोरी सोडली आहे.

— तृतीय वर्ष कला